नाव, देह आणि ओळख : भारतीय कथनसाहित्यातील अपंगत्व

तौलनिक साहित्याभ्यासात जात, लिंगभाव, भाषा आणि प्रदेश या अस्मितांचा जेवढा विचार झाला, तेवढा अपंगत्वाचा झालेला नाही. अपंग पात्र आले की ते दैवाचे, पापाचे अथवा अंतर्दृष्टीचे प्रतीक म्हणून वाचण्याकडे समीक्षेचा कल राहिला. अपंगत्व ही जगात वावरण्याची एक वेगळी रीत आहे आणि म्हणूनच सामाजिक विविधतेचा एक घटक आहे, ही जाणीव त्यामुळे मागे पडली. हा प्रश्न तपासण्यासाठी पात्राला मिळालेले नाव हा उपयुक्त धागा ठरतो.

रवीन्द्रनाथ ठाकुरांच्या ‘सुभा’ (१८९३) या बंगाली कथेतील मुक्या मुलीचे नाव सुभाषिणी आहे. थोरल्या दोन बहिणींच्या नावांशी जुळावे म्हणून ते ठेवलेले असते. नाव आणि देह यांतील ही विसंगती केवळ उपरोधासाठी नाही. सुभा गोठ्यातील गाईंशी स्पर्शाने आणि नजरेने बोलते. तिला भाषा आहे. ती समजून घेण्याची तयारी समाजापाशी नाही. तिचे मुकेपण लपवून लग्न लावले जाते आणि सत्य उमगल्यावर नवरा बोलणारी दुसरी बायको आणतो. येथे वैगुण्य देहापेक्षा विवाहाच्या व्यवहारात अधिक आहे.

प्रेमचंदांच्या ‘रंगभूमी’ (१९२५) या हिंदी कादंबरीचा नायक सूरदास हा अंध भिकारी आहे. त्याचे नाव हे खरे तर नाव नव्हेच. कोणत्याही अंध पुरुषाला समाज सहज चिकटवतो ते ते संबोधन आहे. परंतु हाच सूरदास आपली जमीन सिगारेटच्या कारखान्यासाठी देण्यास नकार देतो आणि वर्गनामाचा एक व्यक्ती होतो. तरीही त्याचे अंधत्व नैतिक उंचीला पूरक ठरते, ही कादंबरीची मर्यादा आहे. सुभा आणि सूरदास यांना शेजारी ठेवले असता लिंगभेद स्पष्ट होतो : पुरुषाचे अपंगत्व संतत्वाकडे नेता येते, स्त्रीचे मात्र सोयरिकीच्या तराजूत तोलले जाते.

पुढे कथनाचा अधिकारच बदलतो. फिरदौस कांगा यांच्या ‘ट्राइंग टु ग्रो’ (१९९०) या इंग्रजी कादंबरीतील पारशी निवेदकाची हाडे ठिसूळ आहेत. ‘ब्रिट’ हे त्याचे टोपणनाव ठिसूळ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून आले आहे. निदानातून आलेल्या या नावाने तो स्वतःच आपली कथा सांगतो, आणि त्या कथेत शारीरिक वासनेलाही जागा आहे. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या मराठी आत्मकथनात साधनाचे नावच शीर्षक होते. करुणेचे चिन्ह मानली जाणारी वस्तू येथे संचाराचे साधन बनते, आणि एकटीच्या अनुभवातून सामूहिक कार्याकडे कथन वळते.

या वळणाला एक विशेष कारण आहे. जात वा मातृभाषा बहुधा घरातूनच मिळते. अपंग मूल मात्र अनेकदा कुटुंबात एकटेच तसे असते. त्याची सामूहिक ओळख वारशाने येत नाही, ती घराबाहेर घडवावी लागते. म्हणून आत्मकथनाचे मोल केवळ प्रांजळपणात नसते. विखुरलेल्यांना परस्परांची ओळख पटविणे हेही त्याचे कार्य असते. अर्थात, ‘मी’ बोलू लागला की प्रतिमांचे ओझे आपोआप उतरते असे नाही. जिद्दीच्या यशोगाथेची अपेक्षा निवेदकालाही बांधून ठेवू शकते.

राज्यसंस्थाही नावे ठेवते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. २०१५ अखेरीस पुढे आलेला ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारात रूढ झाला, तर दिव्यत्वाच्या आवरणाखाली हक्कांचा प्रश्न झाकला जातो, असा आक्षेप अपंगांच्या चळवळीतून घेतला गेला. सुभाषिणी या नावातील गोडवा सुभाला वाचवू शकला नव्हता. म्हणूनच नाव किती सुंदर आहे यापेक्षा ते कोणी ठेवले आणि ते धारण करणाऱ्याला त्यात बोलता येते काय, हा प्रश्न समीक्षेने प्रथम विचारणे आवश्यक ठरते.