हसू आणि गोळी, एकाच चौकटीत

जपानी दिग्दर्शक ताकेशी कितानोंचा ‘ब्रोकन रेज’ २०२४ मध्ये व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला. तासाभराच्या या चित्रपटाचे सरळ दोन तुकडे आहेत. आधी एक म्हातारा मारेकरी पोलिसांच्या तावडीत सापडतो आणि त्यांचा खबऱ्या बनून टोळीत शिरतो. मग तीच गोष्ट पुन्हा, फक्त धडपडीच्या विनोदाने. गुन्हा एकीकडे, हसू दुसरीकडे. ही वाटणी ज्याने मोडून काढली, त्यानेच ती पुन्हा करावी, हे फार खटकते.

कितानोंचाच ‘सोनातिने’ (१९९३) आठवा. ओकिनावाच्या किनाऱ्यावर लपलेले टोक्योचे गुंड वेळ जात नाही म्हणून कागदी सुमो खेळतात. मग स्वतःच वाळूच्या रिंगणात उतरून त्या कागदी पैलवानांसारखे ताठर हलतात. वाळूत खड्डे खणून एकमेकांना त्यात पाडतात. रात्री शोभेच्या दारूची लढाई रंगते आणि त्यात त्यांचा म्होरक्या मुराकावा खरे पिस्तूल झाडतो. खेळ केव्हा थांबला हे कळायला वावच मिळत नाही. पुढे लिफ्टमध्ये खेटून उभी असलेली माणसे एकमेकांवर गोळ्या झाडतात, तेव्हाही मुराकावाचा चेहरा तसाच निर्विकार असतो. मान्झाईच्या, म्हणजे दोघांच्या विनोदी संवादाच्या, जोडीतून नाव कमावलेल्या कितानोंना ठाऊक होते की विनोद आणि हिंसा दोन्ही नेमक्या क्षणावर उभी असतात.

इतरांच्या टोळीपटांत हा मेळ दिसत नाही. मिइकेंचा ‘फर्स्ट लव्ह’ (२०१९) वेगवान आहे, एवढेच. शिराइशींचा ‘ब्लड ऑफ वुल्व्स’ (२०१८) ही फुकासाकूंच्या १९७३ च्या, हिरोशिमात घडणाऱ्या टोळीपटाची उजळणी.

गंभीर चित्रपटांचे दुखणे वेगळे. १९९२ पासून लागू झालेला टोळीविरोधी कायदा आणि २०११ पर्यंत जपानभर पसरलेले स्थानिक नियम यांनी याकुझाची, म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळ्यांची, पार कोंडी केली आणि तीच या चित्रपटांचा विषय बनली. टोळी सोडल्यावरही साधारण पाच वर्षे बँकेत खाते उघडणे मुश्कील. मिवा निशिकावांच्या ‘अंडर द ओपन स्काय’मध्ये (२०२०) तुरुंगातून सुटलेल्या मिकामीची तगमग कोजी याकुशोंनी जीव ओतून उभी केली आहे. फुजिइंच्या ‘अ फॅमिली’त (२०२१) मात्र पश्चात्तापाचे उमाळे इतके दाटतात की ज्यांच्यावर या टोळ्यांनी दहशत बसवली, ती माणसे दिसेनाशी होतात.

याकुझाला रडवून मोठे करणे हा लबाड मार्ग आहे. जुझो इतामींनी १९९२ च्या ‘मिन्बो’त त्यांची दादागिरी हास्यास्पद करून दाखवली, तेव्हा चित्रपट लागल्यावर काही दिवसांतच गुंडांनी इतामींचा चेहरा सुऱ्याने फाडला. हसण्याची भीती कुणाला वाटते, हे त्या हल्ल्यातून उघड झाले. म्हणूनच कितानोंचा ‘र्युझो अँड द सेव्हन हेंचमेन’ (२०१५) आजच्या अश्रुपटांपेक्षा खरा वाटतो: निवृत्त गुंड तिथे आपल्या मेलेल्या साथीदाराचीच ढाल करतात आणि प्रेक्षक हसता हसता चपापतो. नव्या दिग्दर्शकांनी उचलावे ते हे धाडस. कायद्याने घेरलेल्या, फोन आणि घर मिळवण्यासाठीही खोटे बोलावे लागणाऱ्या या माणसांत हास्य आणि क्रौर्य दोन्ही ठासून भरलेली आहेत. त्यांची पुन्हा वाटणी करायला सबब उरलेली नाही.