टोल कोणाकडे?

एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर 'ताल ही जगाची भाषा आहे' हे वाक्य वर्षातून दोन-तीनदा तरी पडतंच. गणेशोत्सवात पडतं, दिवाळीच्या कार्यक्रमात पडतं, आणि ऑगस्टमध्ये ओक ट्री रोडवर इंडिया डे परेड निघते तेव्हा तर हमखास. निवेदक वाक्य टाकतो, टाळ्या होतात, ढोल सुरू होतात. हे वाक्य मीही एकदा माइकवरून म्हटलेलं आहे. आता ते मला खोटं वाटतं, निदान फार स्वस्त वाटतं. त्याला कारण झाल्या दोन जुन्या रेकॉर्ड आणि आमच्या ढोलपथकातला एक टोल. (न्यू जर्सीत टोल म्हटलं की आधी टर्नपाइक आठवतो. मी म्हणतेय तो पथकातला, धातूच्या जाड थाळीचा.)

पहिली रेकॉर्ड 'प्लॅनेट ड्रम', १९९१ची. ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा ड्रमर मिकी हार्ट याने जगभरातले तालवादक गोळा केले. तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवर विक्कू विनायकराम, कोंगांवर पोर्तो रिकोचा जोव्हानी हिदाल्गो, ब्राझीलचा ऐर्तो मोरेरा, नायजेरियाचे बाबातुंदे ओलातुंजी आणि सिकिरू अदेपोजू, शिवाय फ्लोरा पुरिमचा आवाज. वर्ल्ड म्युझिक अल्बमसाठी ग्रॅमी द्यायला सुरुवात झाली ती याच रेकॉर्डपासून. पुढे 'वर्ल्ड पर्कशन' नावाने जे काही वाजलं, त्याचा साचा बऱ्याच अंशी इथे तयार झाला.

आमच्या बेळगावच्या घरी ही कॅसेट होती ती झाकीरभाईंसाठी. मी तेव्हा तबला शिकत होते. दहावीला तो सुटला आणि मग परत हातात आला नाही. माझी लॅबमधली सहकारी मूळची पोर्तो रिकन, वाढली एडिसनच्या शेजारी पर्थ अँबॉयमध्ये. तिच्या घरी हीच रेकॉर्ड होती ती हिदाल्गोसाठी. एकदा संध्याकाळी प्रयोग संपायची वाट बघत आम्ही दोघींनी ती एकत्र ऐकली. एका ठिकाणी ती म्हणाली, "हं, हे बघ आता!" मला काहीच विशेष ऐकू आलं नाही. अर्ध्या मिनिटाने झाकीरभाईंच्या एका तिहाईवर माझ्या तोंडून 'वा' गेलं, तर ती माझ्याकडे बघत राहिली. तीस वर्षं दोन घरांत वाजलेली एकच रेकॉर्ड, आणि दोन्ही घरांनी आपापला माणूसच ऐकला होता.

मग आम्ही एकमेकींना शिकवायला बसलो. मी तिला सम समजावून सांगितली: सोळा मात्रांचं आवर्तन, जिथे सगळे येऊन मिळतात ती जागा, आणि तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून बरोबर तिथे उतरणं. तिने मला क्लावे समजावली. पाच ठोके, एका अर्ध्यात तीन आणि दुसऱ्यात दोन. कोणी प्रत्यक्ष वाजवत नसलं तरी ती प्रत्येकाच्या डोक्यात चालू असते आणि कोंगावरची प्रत्येक थाप तिच्यावर तपासली जाते. तिथे आपल्यासारखं 'येऊन मिळणं' नसतं. दोन बाजू असतात, त्या उलट्यासुलट्या झाल्या की जाणकार तोंड वाकडं करतो. अदेपोजूंचा बोलका ढोल आणखी तिसरा. योरुबा भाषेत सुराच्या चढउतारावर शब्दाचा अर्थ ठरतो, आणि काखेत दाबून या ढोलाचा सूर वरखाली करता येतो. म्हणजे तो खरोखर बोलतो: म्हणी म्हणतो, माणसांची बिरुदं म्हणतो. आपल्या तबल्याचे बोल हे त्या अर्थाने बोल नव्हेत. 'तिरकिट'चा अर्थ तिरकिटच.

ताल ही भाषा असेल, तर या तीन भाषा आहेत, आणि त्या बोलणाऱ्यांना एकमेकांचं व्याकरण आपोआप येत नाही. 'प्लॅनेट ड्रम'बद्दल माझी तक्रार इथे सुरू होते. वादक एकाहून एक थोर. नाद इतका देखणा की आजही हेडफोन लावला की अंगावर काटा येतो. झाकीरभाई आणि विक्कूजी यांची तर शक्तीपासूनची, सत्तरच्या दशकातली ओळख. ते दोघे बोलायला लागले की पाठांतर संपून गप्पा सुरू झाल्यासारखं वाटतं. पण पूर्ण रेकॉर्डभर मला एक प्रश्न छळतो: हे आवर्तन कोणाचं आहे? यजमान कोण? तिहाई येते, पण ती कुठे उतरली हे नीट कळत नाही, कारण उतरायला घर नाही. क्लावे आहे म्हणावी तर तिचा जाच कोणाला होत नाही. सगळे पाहुणे, आणि पाहुण्यांसारखेच सभ्य. हे सगळं बांधून ठेवतो तो कोणी वादक नाही, तर आवाजांचे थर वरखाली करणारं स्टुडिओचं यंत्र. २००७च्या 'ग्लोबल ड्रम प्रोजेक्ट'मध्ये हार्ट, झाकीर, अदेपोजू आणि हिदाल्गो चौघेच उरले, इलेक्ट्रॉनिक प्रक्रिया वाढली, आणि यंत्राची यजमानी आणखी उघडी पडली.

एडिसनमध्ये बसून यंत्राबद्दल कुरकुर करणं तसं कृतघ्नपणाचं आहे. आमच्या गावाचं नाव १९५४पर्यंत रॅरिटन टाउनशिप होतं. ते बदललं ते इथल्या मेन्लो पार्कमधल्या प्रयोगशाळेमुळे, आणि १८७७ साली फोनोग्राफ जन्मला तो तिथेच. क्रिस्टी स्ट्रीटवर त्या जागी आता डोक्यावर भलामोठा दिवा घेतलेला मनोरा उभा आहे. मी फिरायला जाते ती बहुतेक तिकडेच. त्या यंत्राशिवाय बेळगावच्या मुलीला योरुबा ढोल ऐकू आला नसता. मात्र गाणं माणसांपासून आणि जागेपासून सोडवून घेता येतं, ही सवयही आपल्याला त्यानेच लावली.

झाकीरभाईंना हा यजमानाचा प्रश्न कळत होता असं मला वाटतं. १९९६पासून ते 'मास्टर्स ऑफ पर्कशन' घेऊन अमेरिकाभर फिरले. त्यात कधी मणिपुरी पुंग चोलमचे वादक ढोल वाजवत उड्या मारायचे, कधी उझबेकिस्तानचे अब्बोस कोसिमोव दोइरा वाजवायचे. पण बाजूला कोणीतरी सारंगीवर नाहीतर सतारीवर लेहरा धरलेला असायचा. लेहरा म्हणजे एकच ओळ, पुन्हा पुन्हा, आवर्तनाचा नकाशा. तो धरणाऱ्याकडे कोणी बघत नाही, टाळ्या त्याला मिळत नाहीत. तो चुकला तर मात्र बाकी सगळ्यांचं मुसळ केरात. या कार्यक्रमांत एकेकाची पाळी लावल्यासारखं व्हायचं, हे खरं. तरी उतरायला घर असायचं.

दुसरी रेकॉर्ड त्रिलोक गुर्टूंची 'उसफ्रेट', १९८८ची. हिच्याबद्दल आपल्या लोकांत फारच कमी बोललं जातं. खरं तर त्रिलोक आपल्या किती जवळचे! आई शोभा गुर्टू, माहेरच्या शिरोडकर, जन्म बेळगावचा. आजी मेनकाबाई शिरोडकर, नर्तकी आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. आमच्या घरात शोभाताईंचं नाव 'आपल्या' म्हणूनच निघायचं. मुलाचं निघालं की 'तो परदेशात काहीतरी वाजवतो' एवढंच. ते 'काहीतरी' म्हणजे तबला आणि ड्रम यांचा स्वतः रचलेला संच. ड्रमरचं स्टूल नाही, जमिनीवर गुडघ्यांवर बसून वाजवणं, आणि शेजारी पाण्याची बादली. झांज वाजवता वाजवता पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो. जॉन मॅकलॉफलिनबरोबर १९८९ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या मैफलीची रेकॉर्ड ऐकली तर हा संच काय करू शकतो ते कळेल.

'उसफ्रेट'मध्येही पाहुणे थोर आहेत. ट्रम्पेटवर डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर, बेसवर योनास हेलबोर्ग. पण पहिल्याच 'शोभारॉक'मध्ये आईचा आवाज येतो आणि घर कोणाचं ते ठरून जातं. ठुमरीत शेवटी लग्गी लागते तेव्हा तबलेवाला मोकळा सुटतो. गाणारी मात्र मुखडा धरून बसते, तीच ओळ परत परत, जरा वळवून. त्या धरून बसण्यावरच तबल्याची चैन चालते. त्रिलोक यांनी तीच मांडणी उचलून तिच्याभोवती रॉक आणि जाझ उभे केले, असं मला ऐकताना वाटतं. शोभाताई आवाज बदलत नाहीत, 'फ्यूजन' करत नाहीत. त्यांची फेक ठुमरीचीच, आणि मुलगा काय गोंधळ घालतोय याची त्यांना फिकीर नाही असा एक छान बेदरकारपणा त्यात आहे. डॉन चेरींना इथे कोणाच्या घरी आलोय ते माहीत आहे, म्हणून ते पाहुण्यासारखे संकोचत नाहीत. सगळंच उत्तम आहे असं नाही. कीबोर्डचे आवाज ऐंशीच्या दशकातले, आज पातळ लागतात, आणि एका तुकड्याचं नाव 'ओम' ठेवण्याचा मोह टाळता आला असता. पण 'प्लॅनेट ड्रम'च्या निम्म्या कीर्तीचीही नसलेली ही रेकॉर्ड मला तिच्याहून मोठी वाटते.

हे सगळं मी सहकारीला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. ती लहानपणापासून बाँबा वाजवते. पोर्तो रिकोचं हे वादन पिंपांच्या ढोलांवर चालतं. बुलेआदोर नावाचे ढोल ठेका धरतात, कुआ नावाच्या काठ्या पिंपाच्या अंगावर एकच आकृती वाजवत राहतात, आणि प्रिमो हा मोकळा ढोल नाचणाऱ्याच्या पावलांच्या मागे जातो. ढोलावर नाचत नाहीत, नाचावर ढोल वाजतो. (मेनकाबाईंच्या नातवाला हे सांगायची गरज पडली नसती.) मी तिला आमच्या पथकाच्या सरावाला घेऊन गेले. एका शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये, रविवारी दुपारी, आठ ढोल, तीन ताशे. तिला ताशा द्यावा असं मला वाटलं होतं, कारण ताशा सगळ्यांनाच हवा असतो. तिने दहा मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "तुमची कुआ कोणाकडे आहे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. टोल होता, पण ज्याला दुसरं काही येत नाही त्याच्या हातात द्यायचा, अशी आमची पद्धत. त्या दिवशी तो एका ढोलवाल्याच्या दहा वर्षांच्या मुलाकडे होता आणि मुलगा फोन बघत होता. ती म्हणाली, मला ते द्या.

सहा आठवडे ती आली. तिला घ्यायचं की नाही यावर पथकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे झालं ते इथे लिहीत नाही; फेट्यापासून 'आपली संस्कृती' पर्यंत सगळं झालं. शेवटी घेतलं. परेडच्या दिवशी ओक ट्री रोडवर, दुतर्फा गर्दी, कडक ऊन. पहिले दोन हात झकास गेले. मग नेहमीसारखं झालं: गर्दीने आवाज दिला, ताशा चढला, आणि ढोल त्याच्या मागे पळाले. मीही पळाले, ताशा माझ्याच गळ्यात होता. टोल पळाला नाही. ती होती त्याच लयीत ठोकत राहिली, आणि चार आवर्तनांत ती एकीकडे आणि आम्ही एकीकडे.

आमच्यातला एक जण मागे वळून तिच्यावर ओरडला, "अगं, ऐक ना जरा!" मराठीतच ओरडला. चढती लय हीच आपल्या पथकाची जान, लोक त्यासाठीच थांबतात, हे मला मान्य आहे. पण त्या क्षणी ऐकत कोण नव्हतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझे हात थांबले नाहीत, कारण तेव्हा थांबणं मला जमत नव्हतं.

पुढच्या रविवारी ती सरावाला आली नाही. प्रयोग होता म्हणाली, आणि तो खरंच होता. त्याच्या पुढच्या रविवारी आली. टोल त्या मुलाकडे परत गेला होता. तिने तो मागून घेतला आणि मला म्हणाली, आज ताशा खाली ठेव, काठ्या घे आणि माझ्या बाजूला उभी राहा.