वस्ती, वास्तू आणि कलाकृती : ह्यूस्टनमधील ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’

अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात ‘थर्ड वॉर्ड’ हे आज कोणत्याही प्रशासकीय विभागाचे नाव नाही. एकोणिसाव्या शतकात आखलेली वॉर्डांची व्यवस्था विसाव्याच्या आरंभी रद्द झाली. नाव मात्र तेथील कृष्णवर्णीय वस्तीच्या तोंडी टिकले. नकाशाने टाकलेली संज्ञा बोलीने जपली. वस्तीच्या जतनाचा प्रश्न यातच बीजरूपाने आला आहे : जपावयाचे ते नेमके काय?

१९९३ साली रिक लो, जेम्स बेटिसन, बर्ट लाँग, जेसी लॉट, फ्लॉइड न्यूसम, बर्ट सॅम्पल्स आणि जॉर्ज स्मिथ या सात कृष्णवर्णीय कलावंतांनी येथील बावीस मोडकळीस आलेली घरे हाती घेतली. मराठी वाचकाने ‘रो हाउस’ म्हणजे सामाईक भिंतीची जोडघरे असे समजू नये. ही घरे सुटी, अरुंद, पुढे ओसरी असलेली. खोल्या एकीमागे एक, मध्ये बोळ नाही. पुढच्या दारातून झाडलेली गोळी मागच्या दारातून निघून जाईल, म्हणून त्यांना ‘शॉटगन’ घरे म्हणतात, ही लोकव्युत्पत्ती. जॉन व्लाच या अभ्यासकाने या घाटाचा माग हैतीमार्गे पश्चिम आफ्रिकेपर्यंत नेला. त्याआधीच टेक्सास सदर्न विद्यापीठाच्या कलाविभागाचे संस्थापक जॉन बिगर्स यांनी आपल्या चित्रांत या घरांना दारिद्र्याची खूण न ठेवता प्रतिष्ठा दिली होती. लो यांचे ऋण त्यांच्याकडे आहे. दुसरे ऋण एका शाळकरी मुलाचे. आमची दुःखे आम्हांस ठाऊक आहेत, कलावंत असाल तर उपाय का निर्माण करीत नाही, अशा आशयाचा त्याचा प्रश्न लो यांनी स्वतःच सांगितला आहे.

या कार्यास जर्मन शिल्पकार योसेफ बॉइस यांची ‘सामाजिक शिल्प’ ही संज्ञा लावण्याचा प्रघात आहे, आणि लो यांनीही ती स्वीकारली आहे. तथापि तिचे व्याकरण तपासावयास हवे. शिल्प म्हटले की शिल्पकार हा कर्ता आणि समाज हे द्रव्य ठरते. काही घरांत कलावंतांची आलटून पालटून प्रदर्शने भरतात. लगतच्या घरांत शिक्षण घेणाऱ्या एकट्या मातांचा मुलांसह निवास असतो. या माता कलाकृतीचा भाग आहेत काय? पाहुण्याने त्यांच्या ओसरीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? समीक्षकांनी हा प्रश्न बहुधा सौजन्याने टाळला आहे. माता तेथे राहतात, शिकतात, पुढे निघून जातात. क्रियापदे त्यांची आहेत. हे मान्य केले तर ‘शिल्प’ ही उपमा अपुरी पडते, आणि ती अपुरी पडते यातच प्रकल्पाचे यश आहे.

खरी कसोटी जमिनीची आहे. फोर्थ वॉर्डमधील ‘फ्रीडमेन्स टाउन’ या मुक्त गुलामांच्या वस्तीची १९८५ साली राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत नोंद झाली. तरीही तेथील बहुसंख्य जुनी घरे पाडली गेली. उलट थर्ड वॉर्डचे इमॅन्सिपेशन पार्क टिकले, कारण १८७२ साली पूर्वीच्या गुलामांनी वर्गणी काढून ती दहा एकर जमीन विकतच घेतली होती. कलेने नाव मिळविलेल्या वस्तीत भाव चढतात आणि जुना भाडेकरू हलतो. थर्ड वॉर्डही यास अपवाद नाही. म्हणूनच २००३ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र गृहनिर्माण संस्थेस कलासमीक्षेत जे दुय्यम स्थान मिळते ते अन्याय्य होय. तिने राइस विद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विद्यार्थ्यांच्या साहाय्याने जुन्या घाटाशी नाते सांगणारी, परवडणाऱ्या भाड्याची जोडघरे उभारली. येथे घाट वस्तुसंग्रहालयात न जाता पुन्हा वापरात आला.

१९३९ साली उघडलेले एल्डोराडो बॉलरूम हे नृत्यगृह प्रकल्पास १९९९ साली दान मिळाले आणि २०२३ साली दुरुस्तीनंतर पुन्हा खुले झाले. तेथे आता पुन्हा संगीताचे कार्यक्रम होतात. श्रोत्यांत थर्ड वॉर्डचे जुने रहिवासी किती उरतील, हे मात्र आसपासच्या घरांचे भाडे ठरवील.