गळ्यात क्रूस, ओठी टोळी

खलिफा अब्द अल्-मलिक (इ. स. ६८५–७०५) याच्या दरबारात, परंपरा सांगते त्याप्रमाणे, गळ्यात क्रूस घालून वावरणारा कवी अल्-अख्तल आपल्याला साहजिकच जवळचा वाटतो. मात्र त्याच्या काव्यात ख्रिस्ती अंतःकरण शोधू जाणाऱ्याची निराशा होते. तेथे बोलते ती तघलिब ही त्याची टोळी.

इस्लामपूर्व अरबस्तानात टोळीचे किंवा शपथबद्ध मित्रटोळीचे पाठबळ नसलेल्याच्या रक्ताला मोल नसे. इस्लामने श्रद्धावंतांची एकच बिरादरी उभारली, तरी टोळ्यांच्या युती मिटल्या नाहीत. ६८४ मध्ये मर्ज राहितच्या रणांगणात उमय्या सत्ता तगली ती कल्ब टोळीच्या बळावर, कैस टोळ्यांचा पराभव करून. पुढे कैसांचे तघलिबशी वैर पेटले, तेव्हा अल्-अख्तलची स्तुतिकवने या मुस्लिम खलिफासाठी होती आणि उपहास कैसांसाठी.

त्या उपहासाची धार निर्विवाद! पण कथा अशी सांगतात, की भर दरबारात त्याने कैसांच्या एका सरदाराला डिवचले आणि त्या सरदाराने बिश्र येथे तघलिबांची कत्तल केली. कवीचे शब्द स्वकीयांच्याच जिवावर उठले. या कत्तलीवर त्याने पुढे कविता केली. तीत गाऱ्हाणे आहे, खलिफाला इशाराही आहे, पश्चात्ताप नाही.