होऊन गेलो

सभंग श्लेष म्हटलं की आपल्याला पंडित कवी आठवतात. इंग्लंडच्या व्हर्नन घराण्याने तोच खेळ कुलचिन्हावरच्या लॅटिन ब्रीदात केला आहे. 'व्हेर नॉन सेंपर व्हिरेत' असं तोडून वाचलं तर अर्थ होतो, वसंत नेहमीच हिरवा नसतो. पहिले दोन शब्द जोडले की, व्हर्नन सदा हिरवागार! एका दमात उपदेशही आणि बढाईही. दाद द्यावीच लागते, पण कोडं सुटलं की मजा संपते.

स्कॉटलंडच्या मॅकेंझी कुळाचं ब्रीद याहून सरस. 'लुकेओ नॉन ऊरो' : मी उजळतो, जाळत नाही. 'ऊरो' सकर्मक आहे, म्हणून 'जळत नाही' नव्हे, 'जाळत नाही'. आणि चिन्हावर चित्र कसलं, तर ज्वाळांनी वेढलेल्या डोंगराचं! शब्द निर्वाळा देतात, चित्र भीती घालतं.

माझा जीव मात्र जडला आहे तो ब्रूस घराण्याच्या ब्रीदावर. एकच शब्द : 'फुइमुस'. लॅटिनमध्ये कर्ता क्रियापदाच्या शेपटातच बसलेला असतो, त्यामुळे एवढ्यात वाक्य पुरं होतं. 'आम्ही होतो' हे भाषांतर चटकन सुचेल, पण ते फसवं आहे. नुसत्या 'होतो'साठी लॅटिनकडे 'एरामुस' आहे. 'फुइमुस' म्हणजे पुरी झालेली गोष्ट. मराठीत त्याला अगदी नेमका जोड आहे : 'होऊन गेलो'. 'ज्ञानेश्वर होऊन गेले' असं आपण म्हणतो, तेव्हा 'होऊन'मध्ये अभिमान असतो आणि 'गेले'मध्ये हळहळ.

काय होऊन गेलो, ते ब्रीद सांगत नाही. रॉबर्ट ब्रूस 1306 मध्ये स्कॉटलंडचा राजा झाला, 1314 मध्ये बॅनकबर्नला त्याने इंग्रजांना धूळ चारली. त्याचा मुलगा डेव्हिड 1371 मध्ये निपुत्रिक वारला आणि गादी स्टुअर्टांकडे गेली. 'राजे' हा शब्द गाळला आहे, आणि त्या गाळण्यातच सगळा तोरा आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यात ट्रॉय जळत असताना अपोलोचा पुजारी पांथुस हेच क्रियापद उच्चारतो. तिथे तो आकांत आहे. ब्रूसांनी तोच शब्द मिरवायला घेतला. लॅटिन जाणणाऱ्याला त्यात ट्रॉयचा धूर येतोच.

शिवाय मॅकेंझी 'मी' म्हणतात, ब्रूस 'आम्ही'. स्कॉटिश रिवाजात कुळातला साधा माणूसही प्रमुखाचं चिन्ह टोपीवर लावतो. फक्त त्याच्याभोवती बकलाचा पट्टा असतो आणि ब्रीद त्या पट्ट्यावर. ज्याच्या सात पिढ्यांनी सिंहासन पाहिलं नाही, तोही त्या 'आम्ही'त सामील.

एल्गिनचे अर्ल याच घराण्यातले. नववे अर्ल 1894 ते 1899 हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पुण्यातला प्लेग आणि टिळकांवरचा 1897 चा राजद्रोहाचा खटला त्यांच्याच कारकिर्दीतला. अंमल जोरात चालू, आणि घराण्याचं ब्रीद मात्र 'होऊन गेलो'! त्यांचे वडील, आठवे अर्ल, हेही व्हाइसरॉयच. 1863 मध्ये ते धरमशाळेत वारले. मॅक्लोडगंजच्या वाटेवर सेंट जॉन चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. तिकडे गेलात तर थोडं थांबून पाहून या.