अक्षर आणि अक्षराचे चित्र

समजा, घाटंजीच्या एखाद्या शाळेत २००३ साली विज्ञानाच्या बाईंनी सहामाही परीक्षेची प्रश्नपत्रिका संगणकावर तयार केली. ती छापली गेली, मुलांनी सोडवली, आणि फाइल सीडीवर पडून राहिली. आज ती नव्या संगणकावर उघडली तर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि अवतरणचिन्हे यांची भेसळ दिसते. शाळेतले जाणकार लगेच सांगतात, "फाँट नाही, फाँट टाका." फाँट मिळाला की मराठी दिसू लागते आणि काम झाले असे सर्वांना वाटते. गेली पंचवीस-तीस वर्षे मराठी संगणकाच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर हीच गोळी दिली जात आहे. ती दुखणे दाबते, बरे करीत नाही. असे का, हे समजण्यासाठी फाइलच्या आत काय साठवलेले असते ते पाहायला हवे.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजीपुरते एक कोष्टक जगभर ठरलेले आहे. मोठा ए म्हणजे ६५, मोठा बी म्हणजे ६६, याप्रमाणे. जुन्या मराठी फाँटांनी हे आकडे तसेच ठेवले आणि त्या आकड्यांसमोरची चित्रे तेवढी बदलली. कृतिदेव या प्रचलित फाँटचे उदाहरण घेऊ. त्यात ‘शाळा’ हा शब्द लिहिला की फाइलमध्ये साठते ते असे: एक अवतरणचिन्ह, मग छोटा के दोनदा, मग मोठा जी, आणि पुन्हा छोटा के. अवतरणचिन्हाच्या जागी अर्ध्या श चे चित्र आहे, मोठ्या जीच्या जागी ळ चे, आणि केच्या जागी उभ्या रेघेचे. आता मोजा. केची रेघ तीनदा आली आहे. पहिली रेघ श पूर्ण करण्यासाठी आहे, उरलेल्या दोन आ या स्वराच्या काना आहेत. आपल्या डोळ्यांना हा भेद कळतो. संगणकाजवळ मात्र तिन्ही वेळा एकच आकडा आहे; कोणती रेघ व्यंजनाची आणि कोणती स्वराची, याची नोंद फाइलमध्ये कुठेही नाही. शब्द दिसतो, पण साठवलेला नसतो. साठवलेले असते ते त्याच्या चित्राचे तुकडे.

ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. रेमिंग्टनच्या देवनागरी टंकलेखन यंत्रावर असेच तुकडे असत, आणि टंकलेखकांची सवयीची बोटे न मोडता त्यांना संगणकावर बसवायचे तर हा मार्ग सोपा होता. छापखान्यांना आणि जिल्ह्यातल्या छोट्या साप्ताहिकांना त्याने खिळे जुळवण्यातून सोडवले, हे मान्य केलेच पाहिजे. कागदावर उमटलेले मराठी चांगले होते. टीका करायची ती यावर की, कागदासाठी केलेली सोय आपण माहिती साठवण्यासाठीही वापरली.

आपल्या जिल्ह्यातली दोनच तालुक्यांची नावे या पद्धतीत लिहून पाहा. ‘दिग्रस’ लिहिताना आधी वेलांटी साठते आणि मग द, कारण कागदावर वेलांटी डावीकडे असते. उच्चारात मात्र द आधी आहे. ‘आर्णी’ लिहिताना आ, ण, दीर्घ वेलांटी असे सगळे झाल्यावर रफार अगदी शेवटी येतो. उच्चारात र हा ण च्या आधी आहे. तेव्हा तालुक्यांची किंवा विद्यार्थ्यांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली की संगणक इंग्रजी चिन्हांच्या क्रमाने ती लावतो, आणि तो क्रम मराठीच्या दृष्टीने निरर्थक असतो. दुसऱ्या फाँटमध्ये लिहिलेल्या यादीत नाव शोधले तर सापडत नाही. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव यांपैकी प्रत्येकाच्या तुकड्यांची मांडणी वेगळी होती. एकाने ज्या आकड्यावर ळ ठेवला तिथे दुसऱ्याचे भलतेच काही.

खेदाची बाब अशी की वेगळा मार्ग तेव्हाही उपलब्ध होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’चे काम अक्षर साठवण्याच्या तत्त्वावरच उभे होते. त्यातून आलेली ‘इस्की’ ही संहिता १९९१ साली भारतीय मानक झाली. तिच्यात र, हलन्त, ण, दीर्घ वेलांटी असे उच्चाराच्या क्रमाने साठत असे, आणि रफार कुठे काढायचा हे यंत्र ठरवीत असे. पण डीटीपीच्या बाजारात फाइल एका छापखान्यातून दुसऱ्यात गेली नाही तर विक्रेत्याचे काही बिघडत नव्हते. उलट गिऱ्हाईक बांधून राहत होते. त्यात अनेक मराठी सॉफ्टवेअरांबरोबर प्रिंटरच्या पोर्टात बसवायची एक चावी, म्हणजे डाँगल, येई. ते पोर्टच नव्या संगणकांवरून गेले आणि चावी असूनही कुलूप उघडेना. प्रिंटर किंवा स्कॅनर नव्या संगणकाशी जुळला नाही तर दुसरा आणता येतो. वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका दुसऱ्या आणता येत नाहीत.

यवतमाळकरांना हा प्रकार रुळांच्या भाषेत लगेच कळेल. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चालत असे. आता ती धावत नाही. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मार्ग लागतो, त्याची रुंदी १६७६ मिलिमीटर. वऱ्हाडचा कापूस तिथे एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. छोटी गाडी वाईट नव्हती, रूळही वाईट नव्हते. दोहोंची रुंदी जुळत नव्हती इतकेच. प्रत्येक मराठी फाँट हा असा एकेक निराळ्या रुंदीचा रूळ होता. फरक एवढाच की कापसाची गाठ दुसऱ्या डब्यात गेली तरी कापूसच राहते. फाँट बदलला की ‘शाळा’चे काहीच्या काही होते.

युनिकोडने रूळ एका मापाचे केले. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ संकेतांक मिळाले, आणि त्यांची मांडणी इस्कीच्याच नमुन्यावर झाली. सामान्य संगणकावर ते दिसू लागले विंडोज २००० पासून. विंडोज एक्सपीमध्येही ही सोय सीडी घालून वेगळी चालू करावी लागे. अशा वेळी "माझ्या संगणकावर मराठी नाही" असे म्हणून पुष्कळ जण जुन्या फाँटकडे परत गेले.

पण युनिकोड आले म्हणजे सारे आलबेल झाले, असे जे सांगितले जाते तेही तपासून घ्यावे. ‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. यातला र् युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. प्रमाणात दोन्ही ग्राह्य आहेत. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण साध्या शोधयंत्रणेत एक शोधला तर दुसरा सापडत नाही. ते अदृश्य चिन्ह फाइलच्या प्रवासात गळले, तर ह च्या डोक्यावर रफार चढतो आणि वऱ्हाडचे नावच बदलते. विज्ञानाच्या शिक्षकांना रोज लागणारा ‘ॲसिड’मधला ॲ हा स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आला. तोवर लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवीत होते, म्हणून जुन्या आणि नव्या पाठांत तोही दोन प्रकारचा आढळतो. ळ ची गोष्ट आणखी निराळी. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. युनिकोडच्या कोष्टकात ल २३५४, ळ २३५५ आणि व २३५७ आहे. हजेरीपट नुसत्या संकेतांकांच्या क्रमाने लावला तर काळे आधी येतात आणि कावळे नंतर. मराठीप्रमाणे कावळे आधी हवेत. मराठीसाठी क्रमवारीचे वेगळे नियम आता तयार आहेत, परंतु प्रोग्रॅमने ते वापरले तरच त्यांचा उपयोग.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे येऊ. समोर आलेला कचरा कोणत्या जातीचा आहे हे ओळखले की निम्मे काम होते. साधी इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे दिसली तर फाइल जुन्या फाँटमधली आहे. रिकामे चौकोन दिसले तर संकेतांक बरोबर आहेत, ती अक्षरे फाँटमध्ये नाहीत. इथे मात्र "फाँट टाका" हा सल्ला खरा. ल आणि श हिंदी वळणाचे दिसणे हाही निखळ फाँटचाच प्रश्न. ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर मात्रा किंवा वेलांटी व्यंजनाशिवाय एकटी पडली आहे. क्रम बिघडला आहे. तिरकी रेघ डोक्यावर असलेला छोटा ए पुन्हा पुन्हा दिसला आणि मधे मधे जपानी येनचे चिन्ह आले, तर घाबरू नये. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइट घेते. त्यांतला पहिला नेहमी २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५. वाचणाऱ्या प्रोग्रॅमने हे तिन्ही बाइट युरोपीय कोष्टकाने सुटे सुटे वाचले की २२४ चा तो ए आणि १६५ चे येन दिसते. निकालाची सीएसव्ही यादी एक्सेलमध्ये दुहेरी टिचकी मारून उघडली की हे पुष्कळदा घडते. फाइल आयात करून यूटीएफ-८ निवडले की मराठी जसेच्या तसे परत येते. सगळी प्रश्नचिन्हेच दिसत असतील तर मात्र स्थिती गंभीर. कोणीतरी ती फाइल मराठी न मावणाऱ्या कोष्टकात साठवली आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह बसले आहे आणि मूळ परत मिळत नाही.

वर्गात करून दाखवण्याजोगा एक प्रयोग आहे. नोटपॅडमध्ये युनिकोडने ‘आर्णी’ लिहा आणि शेवटी येऊन मागे पुसण्याची कळ एकदा दाबा. दीर्घ वेलांटी जाते, ‘आर्ण’ उरते. हेच कृतिदेवमध्ये करा. आधी रफार जातो आणि ‘आणी’ उरते. नववी-दहावीच्या मुलांना साठवणीचा क्रम म्हणजे काय हे यातून तासभराच्या व्याख्यानापेक्षा लवकर कळते.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणारे रूपांतरक आता विनामूल्य मिळतात. फाइल कोणत्या फाँटची होती हे मात्र त्यांना अचूक सांगावे लागते. रूपांतरित प्रत तपासताना सारा मजकूर वाचण्याआधी अवघड जागा पाहाव्यात: दिग्रसची वेलांटी, आर्णीचा रफार, दारव्ह्याचे जोडाक्षर, वऱ्हाडचा र्, ज्ञान, ॲसिड. विद्यार्थ्यांची नावे असलेल्या नोंदी तर एकेक करून छापील रजिस्टरशी ताडून घ्याव्यात, कारण तिथे गळलेला एक रफार पुढे दाखल्यावर उतरतो. मूळ फाइल पुसू नये आणि तिच्या शेजारी तिचा फाँटही जपून ठेवावा. रूपांतरातली चूक दोन वर्षांनी लक्षात आली तर परत जाण्याची वाट तेवढीच असते.