चुकीलाही डोके असते

दुसऱ्याच्या स्पेलिंगला हसण्याइतके स्वस्त सुख जगात नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त हेडमास्तर आहेत. लग्नपत्रिका हातात पडली की ते मुहूर्त नंतर पाहतात, आधी लाल पेन्सिल शोधतात.

या हसण्याला माझा आक्षेप आहे. चुका दोन जातींच्या. एक आळसाची, दुसरी विचार करून केलेली. दुसरीला हसू नये. ओकच्या फळाला इंग्रजीत म्हणतात 'एकॉर्न'. एका बाईंना ते 'एग कॉर्न' असे ऐकू आले आणि त्यांनी तसेच लिहिले. आकार अंड्यासारखा आणि आत बी; बाईंचे चुकले कुठे? मार्क लिबरमन या भाषाशास्त्रज्ञाने २००३ साली हे उदाहरण मांडले. जेफ्री पुलम यांनी अशा सगळ्याच चुकांना 'एगकॉर्न' म्हणावे असे सुचवले आणि २०१५ साली मेरियम-वेब्स्टरच्या कोशाने तो शब्द आत घेतला. चूक कोशात, हसणारे बाहेर!

बरे, मूळचा 'एकॉर्न' तरी कुठे सोवळा आहे? जुन्या इंग्रजीतल्या त्याच्या पूर्वजाचा 'कॉर्न'शी काडीचा संबंध नव्हता. लोकांनीच ऐकता ऐकता त्यात दाणा घुसवला. 'ब्राइडग्रूम'चीही तीच कथा. मूळ शेपूट 'गुमा', म्हणजे पुरुष. तो शब्द मेला, तेव्हा लोकांनी तिथे 'ग्रूम' बसवला, म्हणजे पोऱ्या, गडी! लग्नानंतरची आमची दिनचर्या पाहता या चुकीला चूक कोण म्हणेल?

अर्थात प्रत्येक चूक काही गुणी नसते. 'डॅम्प स्क्विब' म्हणजे भिजलेला फटाका, आपला फुसका बार. त्याचे काही जण 'डॅम्प स्क्विड' करतात. आता स्क्विड म्हणजे माकूल. ती जन्मापासून पाण्यात. भिजली तर बिघडले काय? फजितीचा सगळा अर्थच वाहून गेला. याला मी शंभरात पस्तीस देईन. उलट 'अल्झायमर्स'चा 'ओल्ड टायमर्स' करणाऱ्याला पैकीच्या पैकी. विस्मरणाच्या रोगात डॉक्टरचेच नाव विसरले, पण रोगी कोण ते नेमके सांगितले!

मुद्दा असा, की ज्याने शब्द छापलेला पाहिलाच नाही, नुसता कानांनी गोळा केला, त्यालाच तो असा जुळवून घ्यावा लागतो. त्याला हसणे म्हणजे त्याच्या घरात पुस्तक नव्हते याला हसणे. आणि हे काम कुठल्या एका देशाचे नाही. साहेबाने आमच्या मुंगसाला 'मंगूस' म्हटले आणि स्पेलिंगमध्ये त्याच्या शेपटीला 'गूस' नावाचा पक्षी बांधला. आम्हीही उधारी ठेवली नाही. साहेबाचा 'रिक्रूट' पलटणीत शिरला, तो रंग लावून 'रंगरूट' झाला. आता कुणाची लाल पेन्सिल त्याला पलटणीबाहेर काढते ते बघू!